'वैद्यकीय संशोधन आणि आपले जीवन' : निबंध तपासताना आपण नक्की काय तपासतो?



राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आमच्या तालुक्यात दरवर्षी निबंध स्पर्धा होते. या वर्षी पाचवी ते सातवीच्या गटाला विषय होता 'वैद्यकीय संशोधन आणि आपले दैनंदिन जीवन'. निबंध शाळेतच लिहून घेऊन केंद्रावर जमा करायचे होते. तीन परीक्षकांपैकी एक मी होते. एकूण ६१ निबंध आले. रविवारी दुपारी जेवणं आटोपून गठ्ठा घेऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत मला 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' हे वाक्य तोंडपाठ झालं.

अर्ध्याहून जास्त निबंधांची सुरुवात हीच होती. पुढे फ्लेमिंग, पेनिसिलिन, एक्स-रे, मग 'पूर्वी लोक अंधश्रद्धाळू होते, आता विज्ञानाने प्रगती केली', आणि शेवटी 'विज्ञान हे शाप नसून वरदान आहे'. सात निबंधांत एकच चूक होती. देवीची लस लुई पाश्चरने शोधली म्हणे! देवीची लस एडवर्ड जेन्नरची, १७९६ सालची. पाश्चरची प्रसिद्ध लस पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यावरची, १८८५ ची. सात वेगवेगळ्या शाळांतली मुलं एकच चूक करतात म्हणजे एकच गाईड किंवा व्हॉट्सॲपवर फिरलेला एकच निबंध. त्या सातांतला एक तर आमच्याकडून दुसरा आला. हस्ताक्षर मोत्यासारखं होतं, समासाला रंगीत रेघ होती. आम्हा तिघांपैकी कोणीही जेन्नर-पाश्चरचा गुण कापला नाही, कारण आमच्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. हस्ताक्षर ५, शुद्धलेखन ५, मुद्देसूद मांडणी ५, सुविचार-म्हणी-काव्यपंक्ती ५, आणि आशय ५. असे २५.

आता त्या निबंधाबद्दल सांगते ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

सहावीतल्या एका मुलीचा निबंध होता, जेमतेम दहा ओळींचा. एका वाडीवरच्या शाळेतली मुलगी. प्रस्तावना नाही, समारोप नाही. तिने लिहिलं होतं की आजी चुलीसाठी लाकडं काढत असताना तिला लाल विंचू चावला. आजीला खूप घाम आला, उलटी झाली, हात गार पडले. पप्पांनी आजीला गाडीवर मधी बसवलं, मागे काका बसला, आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी आजीने चहा मागितला. आजी सांगते, तिची जाऊ अशीच विंचवाने गेली, तेव्हा गोळी नव्हती. शेवटची ओळ होती, 'गोळी कसली ते मला माहीत नाही.'

मी 'मधी'खाली लाल रेघ मारली. सुविचार नाही, शून्य. मांडणी २. पंचवीसपैकी ९ गुण देऊन पुढचा निबंध घेतला.

खोटं कशाला बोलू, तेव्हा मला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. पंधरा वर्षं नोकरी झाली, डीएडला असताना निबंध कसा तपासायचा हे शिकले ते असंच. चुकल्याचं कळलं दहा-बारा दिवसांनी. आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. मुलांची वजनं-उंची चालू असताना मी डॉक्टरांना सहज विचारलं की विंचू चावल्यावर गोळी कसली देतात हो? ते म्हणाले, "प्रॅझोसिन. मूळची रक्तदाबाची गोळी. आणि बाई, विंचवावर ती चालते हे शोधलं कुठे माहितेय? आपल्या महाडला."

आमचा तालुका रायगड जिल्ह्यातलाच. महाड काही परदेशात नाही, आमच्या अर्ध्या शिक्षकांची सोयरीक तिकडे आहे. आणि मी, जी 'वैद्यकीय संशोधन' या विषयाची परीक्षक होते, तिला हे माहीत नव्हतं. त्या मुलीने मला विषयाचं सगळ्यात जवळचं उदाहरण आणून दिलं होतं आणि मी 'मधी' की 'मध्ये' बघत बसले होते.

मग मी शोधून वाचलं. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. १९७६ साली ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती, त्यात लहान मुलं पुष्कळ. त्या वेळच्या पुस्तकांत यावर धड उपाय नव्हता. या डॉक्टरांनी काय केलं, तर रोग्यापाशी बसून राहिले आणि लिहून ठेवलं. घाम कधी आला, उलटी कधी झाली, हातपाय गार कधी पडले, नाडी किती, रक्तदाब किती, श्वास कधी लागला. एका रोग्याचं नव्हे, एकामागून एक अशा अनेकांचं. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की माणूस वेदनेने मरत नाही, हृदयावर ताण येऊन आणि फुप्फुसांत पाणी भरून मरतो. विंचवाच्या विषामुळे शरीरात अशी द्रव्यं एकदम सुटतात की रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला आवळलेल्या नळीतून रक्त ढकलावं लागतं. १९८२ साली त्यांची ही निरीक्षणं 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

पुढचा विचार तर आपल्या सातवीच्या मुलालासुद्धा समजेल. रक्तवाहिन्या आवळल्या जात असतील तर त्या सैल करणारं औषध द्यावं. तसं औषध रक्तदाबाच्या रोग्यांसाठी बाजारात होतंच, ते म्हणजे प्रॅझोसिन. पूर्वी गंभीर विषबाधा झालेल्या शंभर जणांतले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एक-दोनवर आलं. विंचवाच्या विषावरची लस निघाल्यावर नुसती गोळी आणि गोळी अधिक लस यांची तुलना करून पाहिली गेली. लस सोबत दिलेले रोगी लवकर बरे झाले. ते २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

(एक सूचना, कारण हा लेख पालकही वाचतात. ही गोळी घरात आणून ठेवायची नाही आणि आपल्या मनाने द्यायची तर मुळीच नाही. डोस, रक्तदाब, सलाईन हे सगळं डॉक्टरच बघतात. आपलं काम एकच, रोग्याला वेळ न घालवता दवाखान्यात पोहोचवणं.)

त्या मुलीच्या आजीची जाऊ गेली आणि आजी वाचली. या दोन घटनांच्या मधे एका आरोग्य केंद्रातली कागदावरची टिपणं आहेत. विषय 'वैद्यकीय संशोधन आणि आपले दैनंदिन जीवन' असताना याहून बरोबर उत्तर कोणतं असणार होतं?

काही सहकारी म्हणतील, बाई फार मनाला लावून घेतात, निबंध स्पर्धा ती काय, प्रमाणपत्र आणि कंपासपेटी. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण निबंधाच्या बाहेरचं आहे.

२०१८ च्या शेवटी आपल्या शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली, तुम्हाला आठवत असेल. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना लस द्यायची होती. मोबाईलवर काय काय फिरत होतं ते पुन्हा सांगत नाही. आदल्या दिवशी एक वडील शाळेत आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाले, "बाई, ही सुई नवीन आहे. आमच्या पोरांवर प्रयोग तर करत नाहीत ना?" मी काय उत्तर दिलं असेल? "वरून आदेश आहे, सगळ्यांना द्यायचीय." दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा शाळेत आला नाही. शेवटी आशाताईंनी घरी जाऊन समजावलं, माझ्या मुलाला आधी दिलीय म्हणून सांगितलं, तेव्हा चार दिवसांनी उपकेंद्रात जाऊन त्याने लस घेतली.

मला सांगता आलं असतं की गोवराची लस आपल्या देशात १९८५ पासून बाळांना देतात, रुबेलाची जगात १९६९ पासून आहे, म्हणजे यातलं काहीच काल निघालेलं नाही. सांगता आलं असतं की गरोदरपणात बाईला रुबेला झाला तर बाळ बहिरं, मोतीबिंदू असलेलं किंवा हृदयाला दोष असलेलं जन्मू शकतं, म्हणून आजच्या मुलींना ती लस. आणि मुख्य म्हणजे 'प्रयोग' या शब्दाला घाबरलेल्या त्या माणसाला प्रयोग म्हणजे काय हे सांगता आलं असतं. पण मलाच सांगता येत नव्हतं. मी बारावी कला शाखेची, मग डीएड. 'विज्ञान वरदान आहे' हा निबंध मीही शाळेत लिहून बक्षीस मिळवलेलं. एवढं मोठं वरदान माझ्याकडे होतं आणि दारात उभ्या असलेल्या बापाच्या एका प्रश्नाला ते पुरलं नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की या विषयावरच्या स्पर्धेत मुलांकडून स्तुती लिहून घेणं थांबवूया. 'हे औषध चालतं हे कळलं कसं?' एवढा एक प्रश्न त्यांना विचारायला लावूया.

हा प्रश्न प्राथमिकच्या मुलांना झेपतो का? झेपतो. गडचिरोलीचं उदाहरण मी पाचवीच्या वर्गात घेऊन पाहिलं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून तिथे नवजात बाळांवर काम केलं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन कसं द्यायचं, सगळं घरी जाऊन. आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा होत्या तशाच राहिल्या. दोन्हीकडचे जन्म आणि मृत्यू मोजले. मी फळ्यावर दोन रकाने काढले आणि विचारलं, दुसऱ्या गावांची मोजणी कशाला केली असेल? थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरचा एक जण, जो पाढ्यांना कधी हात वर करत नाही, म्हणाला, "बाई, नायतर त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून पोरं वाचली असं पण म्हणतील ना कोणीतरी."

तुलना कशासाठी करायची हे मला बारावीपर्यंत कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं. मी आकडे लिहिले. कामाच्या गावांत हजार बाळांमागे जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण ६२ वरून २५ च्या आसपास आलं, आणि तुलनेच्या गावांत ते खाली आलंच नाही. १९९९ साली हे लॅन्सेटमध्ये आलं. आज तुमच्या-आमच्या गावात बाळ जन्मलं की आशाताई वजनकाटा घेऊन ठरलेल्या दिवशी घरी येतात, त्या पद्धतीमागे हेच काम आहे. मुलांनी आशाताईंचा काटा पाहिलेला असतो. एकीने तर लगेच सांगितलं, 'आमच्या बाळाला झोळीत घालून तोलतात.'

वर्गातल्या या तासानंतर मी मुलांना गृहपाठ दिला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, तुमच्या लहानपणी माणसं कशाने मरायची, जी आता मरत नाहीत? वह्या आल्या त्या वाचून मी शाळा सुटल्यावर तासभर तशीच बसले होते. एका आजोबांच्या तोंडावरचे देवीचे व्रण. एका आजीची दोन बाळं, दोन्ही जन्मानंतर आठवड्याच्या आत गेलेली, अंग ताठ होऊन, दूध ओढता येईना. आजीने नातवाला सांगितलं, 'नाळ विळ्याने कापायचे तेव्हा.' हा धनुर्वात. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई आणि नाळेला स्वच्छ ब्लेड, एवढ्याने तो आटोक्यात आला. २०१५ साली आपला देश माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताच्या निर्मूलनात पास झाला. त्या आजीने हे दुःख घरात आधी कधी काढलं नव्हतं, असं मुलाच्या आईने नंतर मला सांगितलं.

हगवणीचं तर जवळपास प्रत्येक वहीत होतं. त्यावरून साखर-मीठ-पाण्याचा तास घेतला. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट, शीग नको. मुलांनी विचारलं साखर कशाला, चवीला का? नाही, आतड्याच्या भिंतीतून मिठाला आत यायला साखरेची सोबत लागते आणि त्या दोघांमागे पाणी येतं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. दुकानात ओआरएसची पुडी बघितली की आमची मुलं आता 'बनगाव' म्हणतात. उच्चार दरवेळी वेगळा असतो, पण म्हणतात.

यात एक धोका आहे आणि तो मी स्वतः ओढवून घेतला, म्हणून सांगते. वह्या वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. एका मुलाने घरातल्या क्षयरोगाबद्दल लिहिलं होतं. मी न बघता त्याला उभं केलं. तो दोन ओळी वाचून थांबला आणि शेजारच्या मुलाने बाक सरकवला. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी क्षयरोगाच्या औषधांवर आणि तो बरा होतो यावर तास घेतला खरा, पण त्या मुलाला जे सोसावं लागलं ते लागलंच. घरचं लिहून घ्यायचं तर ते शिक्षकापुरतं राहिलं पाहिजे, आणि स्पर्धेला पाठवायचं असेल तर घरच्यांना विचारून.

दुसरा आक्षेप एका सरांनी घेतला, तोही खरा आहे. ते म्हणाले, वाडीवर साप चावला की अजून आधी भगताकडे नेतात, मुलं तेच लिहितील, मग काय बक्षीस द्यायचं? मी म्हणते, लिहू दे की. बक्षीसपात्र निबंधांत 'आता अंधश्रद्धा राहिली नाही' असं लिहिलेलं होतं, आणि ते लिहिणाऱ्या मुलालाही माहीत आहे की ते खरं नाही. भगताकडे किती वेळ गेला आणि दवाखान्यात पोहोचायला किती, हे ज्या मुलाने घड्याळ लावून लिहिलं त्याने मोजणी केली. त्याला मी जास्त गुण देईन.

पालकांनाही एक विनंती. निबंध तुम्ही लिहून देऊ नका. मुलगा आजीला प्रश्न विचारत बसला असेल तर 'अभ्यास सोडून काय गप्पा मारतोस' म्हणून उठवू नका, एवढंच. आणि आपल्याकडे शिक्षकांना माहिती भरण्यातून आणि फोटो अपलोड करण्यातून वेळ मिळत नाही हे मला कोणी सांगू नये, मीही तेच करते. या गृहपाठाला वेगळा वेळ लागला नाही, मराठीचा एक तास आणि परिसर अभ्यासाचे दोन गेले.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी तक्ता बदलायचा प्रस्ताव दिला. हस्ताक्षर आणि शुद्धलेखन मिळून ५. कोणाला विचारलं, काय पाहिलं, याला १०. 'हे चालतं हे कसं कळलं' याचा शोध घेतला असेल तर १०. सुविचाराला शून्य. हसले सगळे, पण दोन शाळांनी पुढच्या वर्षी शाळा पातळीवर करून बघू म्हटलंय. शुद्धलेखनाचे गुण कमी केले म्हणून एक बाई माझ्यावर अजून नाराज आहेत. मराठीची काळजी मलाही आहे, पण 'मधी' हा शब्द त्या मुलीच्या घरात खरोखर बोलला जातो, आणि तो नंतर सुधारता येतो.

त्या मुलीचे ९ गुण आता बदलता येत नाहीत, निकाल लागून गेला. मी तिच्या शाळेतल्या बाईंकडे तिच्यासाठी एक चिठ्ठी पाठवली. गोळीचं नाव लिहिलं, बिरवाडीचं आणि डॉक्टरांचं सांगितलं, आणि तुझा निबंध तपासताना माझी चूक झाली असंही लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं. चुकीबद्दल त्यात काहीच नव्हतं. 'बाई, मग साप चावल्यावर पण तीच गोळी चालते का?' मी परत लिहिलं की नाही, सापाचं विष वेगळं, त्याला विषावरची लस लागते, आणि ती घोड्याला थोडं थोडं विष टोचून, मग त्याच्या रक्तातून तयार करतात, मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम वर्षानुवर्षं चालत आलंय.

परवा दुसरी चिठ्ठी आली. तिच्यात सगळे प्रश्न घोड्याबद्दलचे आहेत. मी ती माझ्या वर्गात वाचून दाखवली, आणि आता आमच्या सव्वीस जणांनाही घोड्याचं पुढे काय होतं तेच हवंय.